पेटकाऊचा पडदा आणि आपल्या लाल पेशी: अणुप्रकल्पाला विरोध करणाऱ्या कोकणातल्या मित्रमैत्रिणींना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

तुमच्यातले बरेच जण मला ओळखतात, बाकीच्यांसाठी एवढंच सांगते की माझं माहेर राजापूर तालुक्यातलं आणि नोकरी मुंबईत, रक्तपेढीत टेक्निशियन. म्हणजे दिवसभर हातात दुसऱ्यांचं रक्त. आणि आधीच सांगून टाकते, नाहीतर चौथ्या ओळीला कोणीतरी म्हणेल की ही कंपनीची माणूस दिसतेय: मी जैतापूरच्या प्रकल्पाच्या बाजूने नाहीये. २०११ च्या एप्रिलमध्ये साखरीनाट्याला प्रकल्पविरोधी आंदोलनावर पोलिसांचा गोळीबार झाला तेव्हाही नव्हते, आजही नाही. त्यामुळे हे पत्र घरातलं माणूस घरातल्यांशी बोलतंय असं समजून वाचा, राग आला तरी पूर्ण वाचा.

विषय ते रेडिएशन आणि रक्ताचं पत्रक. गेली काही वर्षं ते थोड्याफार फरकाने फिरतंय, कधी छापील, कधी फोटो काढून. त्यात एक पॅरा आहे की कॅनडातल्या पेटकाऊ नावाच्या शास्त्रज्ञाने सिद्ध केलंय की रेडिएशन जेवढं कमी तेवढं जास्त घातक, कारण अगदी कमी डोसने लाल पेशींचं आवरण म्हणजे मेंब्रेन फाटतं, म्हणून अणुभट्टीच्या आसपास राहणाऱ्या सगळ्यांचं रक्त हळूहळू फुटतंय. हा पॅरा काढा अशी माझी विनंती आहे. का काढायचा ते नीट सांगते, कारण नुसतं काढा म्हटलं तर तुम्ही ऐकणार नाही आणि ऐकूही नये.

पहिलं म्हणजे पेटकाऊ खरा आहे. कोणी तुम्हाला सांगितलं की हे सगळं बोगस आहे तर तो माणूस वाचून आलेला नाही. अब्राम पेटकाऊ कॅनडाच्या सरकारी अणुऊर्जा कंपनीच्याच लॅबमध्ये काम करायचा, मॅनिटोबा प्रांतातलं व्हाइटशेल संशोधन केंद्र, आणि १९७२ मध्ये त्याने एक प्रयोग छापला. त्याने प्राण्याच्या मेंदूतून काढलेल्या फॉस्फोलिपिडचा (पेशींच्या आवरणात असते ती चरबी) एक पातळ पडदा पाण्यात तयार केला, पाण्यात सोडियम-२२ हा किरणोत्सारी पदार्थ टाकला आणि पडदा फाटायला किती डोस लागतो ते मोजलं. जोरात, म्हणजे मिनिटाला २६ रॅड (डोस मोजायचं जुनं माप) या दराने डोस दिला तर पडदा फाटायला ३५०० रॅड लागले. दर अगदी खाली आणून मिनिटाला ०.००१ रॅड केला तर फक्त ०.७ रॅडला फाटला. पाच हजार पट फरक! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही वाटलं की अरे हे तर भयंकर आहे. आणि रसायनशास्त्र म्हणून ते चूकही नाही. रेडिएशनने पाण्यात फ्री रॅडिकल म्हणजे दिसेल त्याला भिडणारे अस्थिर कण तयार होतात, खूप वेगाने तयार झाले तर ते एकमेकांवरच आदळून संपतात, सावकाश तयार झाले तर एकेकाला चरबीच्या रेणूपर्यंत पोचायला वाव मिळतो, आणि चरबीत एकदा ऑक्सिडेशनची साखळी सुरू झाली की ती एका रेणूवरून दुसऱ्यावर अशी पुढे जात राहते. लिपिडच्या ऑक्सिडेशनमध्ये डोसचा दर कमी केला की दर रॅडमागे नुकसान वाढतं ही गोष्ट रेडिएशन केमिस्ट्रीवाल्यांना चांगली माहीत आहे.

पण आता जरा गणित करा, पत्रकात कोणीच केलेलं नाहीये. त्याचा तो "अगदी कमी" दर, मिनिटाला ०.००१ रॅड, आजच्या भाषेत मिनिटाला ०.०१ मिलिग्रे. तासाला ०.६. वर्षभर तसाच चालू ठेवला तर ५ ग्रेच्या वर जातो. जगात नैसर्गिक रेडिएशनचा सरासरी डोस वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट धरतात (गामासारख्या रेडिएशनला मिलिग्रे आणि मिलिसिव्हर्टचा आकडा एकच धरायचा), म्हणजे पेटकाऊचा कमीत कमी दर आपल्या रोजच्या दराच्या दोन हजार पटीहून जास्त होता. आपल्याकडे सामान्य माणसाला नैसर्गिक सोडून वर्षाला १ मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे, ती पेटकाऊच्या भांड्यात १ तास ४० मिनिटांत ओलांडली जाते. त्या पडद्याला फाटायला ज्या ७ मिलिग्रे लागल्या त्या साधारण पावणेबारा तासांत मिळाल्या होत्या. प्रयोगाच्या मानाने तो दर कमी होता, गावच्या मानाने तो प्रचंडच आहे, आणि तिथून खाली जात राहिलं की काय होतं हे त्या आकड्यावरून कळत नाही. सरळ रेघ ओढून खाली खेचत न्यायची तर मग नुसत्या नैसर्गिक रेडिएशनने माणसाचं रक्त जन्मल्या जन्मल्या फुटायला पाहिजे होतं.

दुसरी गोष्ट पडद्याची, आणि इथे मी माझ्या धंद्यातलं बोलतेय. पेटकाऊचा पडदा म्हणजे साबणाच्या फुग्यासारखी नुसती चरबीची फिल्म, तिला आधार नाही, दुरुस्ती नाही, संरक्षण नाही. लाल पेशीचं मेंब्रेन तसं नसतं. आतल्या बाजूने स्पेक्ट्रिन नावाच्या प्रोटीनची जाळी असते, ती वरच्या थराला जागोजाग बांधलेली असते, म्हणून तर सात-आठ मायक्रॉनची पेशी तिच्याहून अरुंद केशवाहिनीतून दुमडून जाते आणि पलीकडे परत पूर्वीसारखी होते, असं साधारण १२० दिवस. मेंब्रेनमध्ये व्हिटॅमिन ई असतं जे ती ऑक्सिडेशनची साखळी तोडतं. आत सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटलेज, ग्लुटाथायोन अशी फ्री रॅडिकल आणि ऑक्सिडेशन आवरणारी फौज असते. आणि गंमत म्हणजे यातला सुपरऑक्साइड डिसम्युटेज पेटकाऊनेच नंतर, १९७६ च्या पेपरात, त्याच्या पडद्याभोवतीच्या पाण्यात टाकून बघितला तर पडद्याचं संरक्षण झालं. त्याचाच प्रयोग! पत्रकात हा अर्धा भाग नाहीये. जो एन्झाइम टाकल्यावर पडदा वाचतो तो आपल्या प्रत्येक लाल पेशीत ठासून भरलेला आहे, हे न सांगता फक्त पहिला अर्धा सांगणं म्हणजे रिपोर्टचं एकच पान पेशंटच्या हातात देण्यासारखं झालं.

ही फौज तिथे कशाला असते तेही ऐका, कारण मला स्वतःला हा भाग सगळ्यात भारी वाटतो. एका लाल पेशीत हिमोग्लोबिनचे साधारण २७ कोटी रेणू असतात. ऑक्सिजन वाहता वाहता त्यातले काही रेणू रोज आपोआप ऑक्सिडाइज होतात, दिवसाला अर्धा ते तीन टक्के, आणि प्रत्येक वेळी एक सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचा फ्री रॅडिकल, सुटतो. एक टक्का धरला तरी एका पेशीत दिवसाला २७ लाख. कुठलीही अणुभट्टी नाही, एक्स-रे नाही, तुम्ही नुसते अंगणात बसलाय तरी. आता १ मिलिग्रे रेडिएशनने काय होतं बघा: एका लाल पेशीच्या वाट्याला सरासरी सहाशेएक इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा येते, पाण्यात दर शंभर इलेक्ट्रॉन व्होल्टमागे अडीच-तीन हायड्रॉक्सिल रॅडिकल (पाण्याचा रेणू तुटून होणारे) तयार होतात, म्हणजे पेशीमागे पंधरा-वीस. सत्तावीस लाख एका बाजूला, पंधरा-वीस दुसऱ्या बाजूला. हायड्रॉक्सिल हा सुपरऑक्साइडपेक्षा कितीतरी जहाल असतो, आणि ते वीस सगळ्या पेशींना समान वाटले जात नाहीत, कित्येकींना काहीच मिळत नाही आणि काहींच्या आत एकदम झुबका पडतो, त्यामुळे ही तुलना तंतोतंत नाही हे मला मान्य आहे. तरी लाखाला पंधरा-वीसने हरवायचं असेल तर पुरावा तसाच तगडा लागेल ना.

कोणी म्हणेल की पुरावा आहे. मॉस्कोच्या एलेना बुर्लाकोवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरीच वर्षं हेच काम केलं, उंदरांना अगदी सावकाश गामा डोस द्यायचे आणि लाल पेशींच्या वगैरे मेंब्रेनमध्ये काय बदलतं ते मोजायचं, आणि त्यांना बदल दिसले, तेसुद्धा डोस वाढला की परिणाम वाढला असे सरळ नाही तर वरखाली होणारे. मी ते खोटं म्हणत नाही. पण मेंब्रेन थोडं जास्त प्रवाही किंवा घट्ट वागलं, चरबीचं प्रमाण किंचित हललं, याला आजार म्हणत नाहीत. ताप आला, उपास केला, गोडंतेल बदललं तरी मेंब्रेनची चरबी हलते. पेशी १२० दिवसांच्या आधी मरायला लागली, प्लीहा वाढली, रेटिक्युलोसाइट म्हणजे नव्या कच्च्या लाल पेशी वाढल्या, बिलिरुबिन म्हणजे फुटलेल्या पेशींतून निघणारं पिवळं द्रव्य वाढलं, तर मी म्हणेन की पेशी फुटतायत. शरीर दर सेकंदाला वीस-पंचवीस लाख नव्या लाल पेशी सोडतं, तेवढ्याच जुन्या काढून टाकतं, त्यात गडबड झाली तर रक्ताच्या साध्या तपासणीत, सीबीसीमध्येसुद्धा कुठेतरी दिसायला लागते.

आता माझ्या रोजच्या कामातलं. आमच्याकडे काही पिशव्या मुद्दाम रेडिएशन देऊनच पेशंटला जातात. बोन मॅरो ट्रान्सप्लांटचे पेशंट, गर्भातली किंवा नुकती जन्मलेली बाळं, यांना दिलेल्या रक्तातल्या दात्याच्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) अंगात वाढून पेशंटवरच उलटू शकतात, म्हणून पिशवी ब्लड इरेडिएटरमध्ये ठेवून निदान २५ ग्रे डोस देतात. हे मशीन आपल्याकडे बनतं, वाशीच्या ब्रिटचं (अणुऊर्जा खात्याचीच संस्था), कोबाल्ट-६० वालं. २५ ग्रे म्हणजे २५ हजार मिलिग्रे. लिम्फोसाइट निकामी होतात आणि लाल पेशी? त्या ऑक्सिजन वाहायच्या कामाला लागतात. पण त्यांना काहीच होत नाही असंही नाही हां, मेंब्रेनला फटका बसतोच: पिशवी ठेवून दिली की पोटॅशियम नेहमीपेक्षा जोरात बाहेर झिरपतं, म्हणून इरेडिएट केलेल्या पिशवीची मुदत २८ दिवसांवर आणतात आणि बाळांना तर शक्य तितकी ताजी देतात. म्हणजे रेडिएशनने लाल पेशीचं मेंब्रेन बिघडतं का, तर हो, बिघडतं, आम्ही लेबलवर लिहितो. प्रश्न किती डोसला हा आहे.

आणि इथे तुमच्यातला एखादा हुशार पोरगा म्हणेल, ताई, इरेडिएटरमध्ये डोसचा दर जोराचा असतो, पेटकाऊ तर म्हणतो जोराच्या दराला नुकसान कमीच. बरोबर आहे. म्हणून या पिशवीने पेटकाऊ खोटा ठरत नाही, आणि प्रकल्पाचे साहेब लोक जर पिशवीचं उदाहरण देऊन विषय संपवायला लागले तर त्यांना तुम्ही हेच विचारा. सावकाश दराचं बघायचं तर केरळ बघा. करुनागापल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइट वाळू आहे, थोरियमवाली, काही ठिकाणी वर्षाला ७० मिलिग्रेपर्यंत गामा डोस जातो, आणि लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहतायत, मासे मारतायत. तिथल्या लोकांचा मोठा अभ्यास २००९ मध्ये छापला गेला, त्या रेडिएशनमुळे कॅन्सर वाढल्याचं त्यात दिसलं नाही. तो कॅन्सरचा अभ्यास आहे, लाल पेशींचा नाही, हे ध्यानात ठेवा. पण पत्रकात लिहिलंय तसं रक्त फुटत असतं तर तिथे सगळ्यात आधी दिसायला हवं होतं.

साहेब लोकांचा विषय निघालाच आहे तर सांगते, त्यांचंही मला काही फार कौतुक नाही. सभेत कोणी रक्ताचं विचारलं की हसायचं आणि केळ्यात पण रेडिएशन असतं म्हणायचं. अहो, केळं खाल्लं तर शरीर जास्तीचं पोटॅशियम लघवीतून काढून टाकतं, अंगातलं पोटॅशियम-४० जवळपास तेवढंच राहतं, त्याची तुलना अणुभट्टीतून बाहेर पडून अंगात साठणाऱ्या सिझियमशी किंवा स्ट्राँशियमशी कशी काय करता? आणि हल्ली नवीन निघालंय की थोडं रेडिएशन तब्येतीला चांगलं असतं. ते पण तुमच्या पत्रकाएवढंच उधारीचं आहे.

आता ते कॅम्पचे रिपोर्ट. मला मागे एका कार्यकर्त्याने मोठ्या आशेने कागदांचा गठ्ठा दाखवला, प्रकल्पाजवळच्या एका गावात तपासणी शिबिर झालं होतं, आणि बऱ्याच रिपोर्टवर खाली शेरा होता "हिमोलाइज्ड सॅम्पल". तो म्हणाला बघा, रक्त फुटलंय, लॅबनेच लिहून दिलंय. मी त्याला विचारलं रक्त कुठे काढलं, शाळेच्या व्हरांड्यात, किती वाजता, सकाळी, आणि लॅबला कधी पोचलं, तर संध्याकाळी, जीपच्या डिकीतून, मे महिन्यात, बर्फ नव्हता. झालं! बारीक सुईतून सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला, सुई न काढताच रक्त ट्यूबमध्ये दाबून सोडलं, ट्यूब उलटीपालटी करायच्या ऐवजी खळखळून हलवली, स्पिरिट सुकायच्या आत टोचलं, नाहीतर नुसतं गरमीत सहा-सात तास ठेवलं, यातलं एक जरी झालं तरी सेंट्रीफ्यूज केल्यावर वरचा प्लाझ्मा पिवळसर दिसायच्या ऐवजी गुलाबी दिसतो, आणि आम्ही तो शेरा मारतो. त्याचा अर्थ पेशी माणसाच्या अंगात फुटल्या असा नाही, ट्यूबमध्ये फुटल्या असा आहे, पुन्हा सॅम्पल पाठवा. हे जर तुम्ही जनसुनावणीत पुरावा म्हणून ठेवलंत तर समोरचा कुठलाही एमडी पॅथॉलॉजी दोन मिनिटांत तुम्हाला गप्प करेल, आणि मग गरम पाण्याचं, मासेमारीचं, जमिनीचं जे खरं आहे तेही त्याच झटक्यात उडून जाईल. माझी खरी भीती ही आहे.

तपासायचंच असेल तर मेंब्रेन तपासायची साधी जुनी टेस्ट आहे, ऑस्मॉटिक फ्रॅजिलिटी. ओळीने ट्यूब लावायच्या, पहिलीत ०.९ टक्के सलाइन, पुढे पुढे पातळ करत ०.१ पर्यंत, प्रत्येकीत रक्ताचा तेवढाच थेंब, अर्धा तास ठेवून फिरवायचं. चांगल्या पेशी ०.५ च्या थोडं खालपर्यंत टिकतात, मग गुलाबी झाक यायला लागते, ०.३ च्या आसपास सगळी ट्यूब स्वच्छ लाल. मेंब्रेन कमजोर असेल तर आधीच्याच ट्यूबपासून लाल दिसतं. महागडं काही लागत नाही. पण रक्त ताजं पाहिजे, दोन-तीन तासांतलं, म्हणजे टेबल गावातच मांडायला लागेल, आणि लांबच्या गावातले तेवढ्याच वयाचे लोक तुलनेला घ्यायला लागतील, आणि टेस्ट करणाऱ्याला कुठली ट्यूब कुठल्या गावची ते माहीत नसलं पाहिजे. शिवाय लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया मायनर असला की पेशी उलट जास्त टिकतात, त्यामुळे ते आधी वेगळं काढायला लागेल. आणि खरं सांगू का, रेडिएशनचा माग काढायला लाल पेशी हे ठिकाणच चुकीचं आहे, तिला न्यूक्लियस नाही, डीएनए नाही. डॉक्टर लोक लिम्फोसाइट बघतात. मोठा डोस बसला तर काही तासांत लिम्फोसाइटचा आकडा पडतो, आणि त्यांच्या क्रोमोसोममधले डायसेंट्रिक, म्हणजे तुटून चुकीचे जोडले गेलेले क्रोमोसोम, मोजले तर साधारण १०० मिलिग्रेच्या वरचा डोस पकडता येतो. तारापूरला किंवा कुठेही कंत्राटी कामगाराला जास्त डोस लागल्याचा संशय असेल तर ही टेस्ट मागा, नाव घेऊन मागा.

तारापूरवरून आठवलं, पत्रकात खरंतर हे यायला पाहिजे होतं. तिथली पहिली दोन युनिट १९६९ पासूनची, आजूबाजूला पालघर, डहाणू, वर जव्हार-मोखाडा, आदिवासी वस्ती. या भागात सिकल सेल (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार) आहे आणि जीसिक्सपीडीची कमतरता पण सापडते. जीसिक्सपीडी म्हणजे लाल पेशीतला तो एन्झाइम जो त्या सगळ्या संरक्षक फौजेला रसद पुरवतो, तो कमी असला की ऑक्सिडेशनचा मारा झाल्यावर पेशी खरोखर फुटतात, मी बघितलंय, लघवी कोकाकोलाच्या रंगाची होते, हिमोग्लोबिन दोन-तीन दिवसांत धाडकन खाली येतं. आणि हे कशाने होतं? मलेरियात दिलेल्या प्रायमाक्विनने होतं. कपाटातल्या डांबरगोळ्यांनी होतं, त्या गोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यात नुकतं जन्मलेलं बाळ गुंडाळलं तर बाळाला कावीळ चढते. कमी डोसच्या रेडिएशनने ज्यांच्या लाल पेशींना खरंच काही होण्याची शक्यता आहे असे लोक शोधायचे असतील तर ते हेच, आणि रेडिएशनचं काही निघो न निघो, त्या पोराची जीसिक्सपीडीची टेस्ट झालेली असेल तर त्याचा जीव पुढच्या मलेरियाला वाचेल. केईएमच्या आवारातली इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था वर्षानुवर्षं याच विषयात काम करतेय. मोर्चा काढायचा तर या टेस्ट प्रत्येक पीएचसीत मिळाव्यात म्हणून काढा, मी रजा टाकून येते.

जैतापूरचं म्हणाल तर तुमच्या हातात याच्यापेक्षा वजनदार मुद्दे आहेत. तिथे ज्या फ्रेंच बनावटीच्या ईपीआर अणुभट्ट्या लावायच्या म्हणतात, १६५० मेगावॉटच्या सहा, त्यातलीच एक फ्रान्समध्ये फ्लामानव्हिलला २००७ मध्ये बांधायला घेतली ती ग्रिडला जोडली गेली २०२४ च्या डिसेंबरात. त्यांच्या स्वतःच्या देशात सतरा वर्षं! खर्च किती, विजेचा दर किती पडणार, समुद्रात सोडलेल्या गरम पाण्याने मासळीचं काय होणार, अपघात झाला तर भरपाई कोण देणार, यातल्या एकालाही केळ्याचं उत्तर चालत नाही. आणि प्रत्येक अणुवीज केंद्राला एक पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते, दूध, मासे, पाणी, भाजी सगळं मोजतात, ते आकडे गावनिहाय, मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर तीन महिन्यांनी लागले पाहिजेत ही मागणी पत्रकात पेटकाऊच्या जागी घाला. जागा बरोबर तेवढीच लागेल, मी मोजून बघितलं.

नवीन मजकूर तयार झाला की छापायला टाकायच्या आधी मला पाठवा, रक्ताचा भाग मी तपासून देते, आमच्या इथल्या डॉक्टरीणबाईंकडून पण एकदा वाचून घेते, त्या प्रकल्पाच्या बाजूच्या आहेत त्यामुळे चुका बरोब्बर काढतील. शिबिर घेणार असाल तर उन्हाळ्यात नको, दिवाळीनंतर ठेवा. मी येईन आणि अजून दोघं-तिघं टेक्निशियन घेऊन येईन, सेंट्रीफ्यूज आमचा, लाईट आणि टेबल तुमचं.

तुमचीच,
रक्तपेढीतली राजापूरकरीण